खाली मशीन फिरवायची नाही

गेल्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. अमळनेर-धरणगाव पट्ट्यातल्या एका जुन्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढून रुई वेगळी करायच्या कारखान्यात, शूटिंगला गेले होते, कारण तिथल्या सिंगल रोलरच्या मशिनी दुसऱ्याच दिवशी भंगारात निघणार होत्या. मी 16 एमएमवर छोट्या फिल्म करते, निवेदन नाही, मुलाखत नाही, फक्त काम आणि कामाचा आवाज. कॅमेरा चावीचा बोलेक्स, चावी भरली की साधारण 28 सेकंद चालतो आणि 100 फुटाचा रोल पावणेतीन मिनिटांत संपतो. माझ्याकडे रोल होते दोन.

या कामाला मी उशीरच केला. जळगावची खान्देश मिल गेली, तिथे आता मॉल आहे. अमळनेरच्या मिल कामगारांसाठी साने गुरुजी उभे राहिले हे शाळेत ऐकलं, पण चालू साच्यांचा, म्हणजे मागांचा, आवाज काही मला टिपता आला नाही. जिनिंगचंही तेच. 2000 साली केंद्राचं कापूस मिशन आलं, मशीनमध्ये आपोआप कापूस घालणारे ऑटोफीडर बसले, धूळ कमी झाली ते चांगलंच झालं, पण मशीनसमोर उभं राहून हाताने कापूस घालणाऱ्या बायांचं काम गेलं.

बंद मशीन, कोळ्याची जाळी, पत्र्याच्या भोकातून येणारं ऊन, असलं मला नकोच होतं. त्यात माणसाची मेहनत कुठे दिसते? म्हणून म्हटलं, मिस्तरी, पाच मिनिटं मशीन चालू करता का?

मिस्तरींनी पट्ट्यावर हात ठेवला. "खाली मशीन नही फिरावतस ताई, चामडं जयी जाई. कापूस लई या."

खाली म्हणजे रिकामी. मग त्यांनी दाखवलं, चामड्याचा रोलर पट्टीला घासून फिरतो, रुई चामड्याला चिकटून आत ओढली जाते, सरकी पट्टीपाशी अडते आणि दुसरी पट्टी खालीवर होऊन तिला झटकून पाडते. मधे कापूस नसला की चामडं आणि लोखंड एकमेकांवर घासून तापतात. उद्या भंगारात जाणाऱ्या मशीनचं चामडं जळू नये म्हणून आम्ही गावात जाऊन एका शेतकऱ्याकडून 40 किलो कापूस विकत आणला, त्यात दुपार झाली. शेजारच्या एक मावशी, 20 वर्षं याच मशीनवर होत्या, त्या न बोलवता आल्या, पदर खोचला आणि उभ्या राहिल्या.

पहिला रोल मावशींच्या हातांवर गेला. मूठभर घ्यायचा, बोटांनी सोडवायचा, सारखा पसरायचा, पाला दिसला की न थांबता बाजूला. मशीन सुरू झाल्यावर कुणाचं बोलणं ऐकू येईना, मिस्तरी आणि मावशी नुसत्या हाताच्या खुणांनी बोलत होते, हळू, थांब, दे. दुसरा रोल त्या खुणांवर संपला. मशीन मात्र थांबली नाही, घातलेला कापूस अर्धा सोडायचा नसतो म्हणे, मी मग नुसता आवाज रेकॉर्ड करत राहिले.

शेवटी रुई काट्यावर ठेवली, साडेबारा किलो. मिस्तरींचं तोंड उतरलं. 40 ला साडेतेरा तरी यायला पाहिजे, उतारा कमी पडला, पट्टी ढिली आहे, असं पुटपुटत त्यांनी पाना घेतला आणि मशीनखाली गेले. कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. रेकॉर्डर चालू होता, त्यात पान्याचा आवाज आहे, अकरा मिनिटं.