वॉटर पंप बदलला, आता म्हणे हेड गॅस्केट गेलं

वॉटर पंप बदलून गाडी घरी येते, दोन दिवसांत टेम्परेचरचा काटा वर चढतो. परत नेली की मिस्त्री बॉनेट उघडतो न उघडतो तोच सांगतो, "साहेब, गॅस्केट गेलंय. हेड उतरवावं लागेल." (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्यामधलं सील.) पंप खराब असताना गाडी तापलेलीच दामटली असेल, तर तो खरंही बोलत असेल. पण आधी न तापणारी गाडी कूलंटचं काम झाल्यावर तापायला लागली, तर पहिला संशय त्या कामावरच घ्यायचा.

आधी बिल बघा. कूलंट किती लिटर घातलं? मॅन्युअलमध्ये सिस्टिमची क्षमता दिलेली असते, लहान गाड्यांत साधारण ४ ते ६ लिटर. सगळं काढलं तरी ब्लॉकमध्ये थोडं उरतंच, त्यामुळे अर्ध्या-एक लिटरचा फरक चालतो. पण पाचाच्या जागी तीनच लिटर गेलं असेल, तर उरलेल्या जागेत हवा अडकलेली असण्याची दाट शक्यता आहे. कॉन्सन्ट्रेट (पाणी मिसळून वापरायचं घट्ट कूलंट) असेल तर मिसळलेलं पाणी धरून हिशोब करा. एअर लॉकची खूण सोपी आहे: इंजिन गरम, हीटर फुल, तरी हवा गार. डॅशबोर्डमागून गुडगुड आवाजही येतो.

हवा काढायची तर इंजिन पूर्ण थंड हवं. गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर फुल गरमवर, ब्लीड स्क्रू (हवा बाहेर काढायचा स्क्रू) असेल तर सैल करा आणि कूलंट सावकाश ओता. स्क्रूमधून बुडबुडे थांबून सलग धार आली की तो आवळा. मग फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन आयडलवर चालवा, थंड होऊ द्या आणि पातळी पुन्हा भरा. गरम असताना झाकणाला हात लावू नका.

काटा ट्रॅफिकमध्ये चढतो आणि हायवेवर उतरतो? मग फॅन बघा. रेडिएटर काढताना सोडवलेला फॅनचा कनेक्टर परत लावायचा राहून जातो. उलट हायवेवर तापत असेल तर थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारं कूलंट सोडणारी-अडवणारी झडप) किंवा चोंदलेला रेडिएटर. थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा उपाय कुणी सुचवला तर नको म्हणा. इंजिन गारच राहतं आणि अ‍ॅव्हरेज पडतं. कूलंटच्या झाकणाचं, म्हणजे प्रेशर कॅपचं, रबरही तपासा. दाब टिकला नाही तर कूलंट लवकर उकळतं, आणि कॅप काही शे रुपयांचीच असते.

एवढं करूनही शंका उरली तर ब्लॉक टेस्ट मागा. टेस्टरमधलं निळं द्रव रेडिएटरच्या तोंडावर धरतात. कूलंटमध्ये जळलेला गॅस येत असेल तर ते पेट्रोल गाडीत पिवळं पडतं. आधी कूलंटची पातळी थोडी कमी करायला सांगा, नाहीतर कूलंटच टेस्टरमध्ये ओढलं जाऊन रंग बदलतो. फक्त ऑइलमध्ये गळणारं किंवा फक्त दोन सिलिंडरच्या मधे फुटलेलं गॅस्केट मात्र या टेस्टमध्ये सापडत नाही. म्हणून जोडीला कम्प्रेशन टेस्टही (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) हवी: शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाब दाखवत असतील तर गॅस्केटवर संशय पक्का होतो. घरच्या घरी एक बघता येतं. रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी चालू करून रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दाबा. मिनिटा-दोन मिनिटांत, पाणी गरम व्हायच्या आतच तो दगडासारखा कडक झाला, तर मिस्त्रीचं म्हणणं गंभीरपणे घ्या.

ऑइल कॅपखालचा दुधी थर हा मात्र एकट्याने पुरावा नव्हे. पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो वाफेनेही जमतो. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधी असेल तर वेगळी गोष्ट.

हेड उतरवायचंच ठरलं तर फेसिंगला (पृष्ठभाग घासून सपाट करायला) पाठवण्याआधी सरळपट्टी आणि फीलर गेजने मोजून दाखवायला सांगा. बऱ्याच अ‍ॅल्युमिनियम हेडची वाकण्याची मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपास असते. नेमकी तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतील तर नवे बोल्ट बिलात दिसायला हवेत. जुनं गॅस्केट मागून घ्या. जिथून गळत होतं तिथली कड बहुतेक वेळा काळवंडलेली किंवा खाल्लेली दिसते.