दोन मीटरचा उजेड

रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर लग्नाच्या फोटोग्राफरचा भलामोठा फ्लॅश चढवलेला दिसला की मला तान्ह्या पोळ्यातल्या लाकडी बैलावर खऱ्या बैलाची झूल टाकल्यासारखं वाटतं. झूल चांगली, बैलही चांगला, पण पोराला काही तो ओढत नेता येत नाही. रेंजफाइंडर, म्हणजे खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस लावायचा कॅमेरा, घेतो कशासाठी माणूस? आत हलणारा आरसा नाही, म्हणून अंग सडपातळ. शटरचा आवाज जेमतेम. गळ्यात अडकवून नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत शिरलं तर कुणी मान वळवून बघत नाही. त्याच कॅमेऱ्याच्या डोक्यावर वीतभर उंचीचा ठोकळा बसवला की सगळंच मुसळ केरात. कॅमेरा एका अंगाला कलतो, पट्टा मानेला काचतो आणि समोरचा गडी पोट आत घेऊन, केस सारखे करून ताठ उभा राहतो.

रेंजफाइंडरवाल्यांत एक सोवळा पंथही आहे. त्यांना फ्लॅशचा विटाळ होतो. लेन्स एफ/१.७ ची, म्हणजे तोंड भरपूर उघडणारी आहे, मग कशाला हवा वरचा उजेड, असं त्यांचं म्हणणं. या मंडळींनी श्रावण सरता सरता एखाद्या रात्री चितार ओळीत यावं. मूर्तिकारांची ही आमची नागपुरातली जुनी गल्ली. गणपती तोंडावर आलेले असतात, वरून पाऊस, म्हणून जिथे तिथे ताडपत्री ताणलेली. डोळ्यांची आखणी चाललेली असते. मूर्तीच्या खांद्याजवळ वायरीला एक दिवा लोंबत असतो. तो मूर्तीचं तोंड उजळतो आणि कारागिराचं तोंड अंधारात ठेवतो. मोजके केस असलेली कुंची, ती धरणाऱ्या हाताच्या मनगटाखाली आधाराला दुसरा हात, आणि श्वास रोखल्यामुळे किंचित फुगलेले गाल. एफ/१.७ वर यातलं एकच काहीतरी धारदार येतं. कुंचीचं टोक घ्या किंवा कारागिराची पापणी घ्या. मला दोन्ही हवं असतं. दोन्ही हवं तर लेन्सचं तोंड एफ/८ पर्यंत बारीक करायला लागतं, आणि एफ/८ ला पुरेल एवढा उजेड त्या दिव्याच्या बापाकडे नाही.

तेव्हा फ्लॅश हवाच. प्रश्न कोणता, एवढाच.

माझा कॅमेरा याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन. हे १९७३ चं मॉडेल, मोठ्या मामांकडून माझ्याकडे आलेलं. याच्या आधीच्या जीएस मॉडेलवर फ्लॅश अडकवायची खाच होती, पण तिच्यात वीज नव्हती. वेगळी वायर जोडावी लागे. जीएसएनला हॉट शू मिळाला. फ्लॅश सरकवला की झालं. रिंग विजेच्या चिन्हावर नेली की शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर स्थिर होतं. हे १/३० ऐकून नवशिक्यांना धास्ती वाटते, मला मात्र ते फार सोयीचं वाटतं. फ्लॅशचा स्वतःचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो, त्यामुळे कारागिराचा हात गोठतो. उरलेल्या वेळात मागचे दिवे हळूच फिल्मवर येऊन बसतात. वेगवान शटरवर मागे काळंकुट्ट भोक दिसलं असतं, इथे गल्ली दिसते.

आता गणित. प्रत्येक फ्लॅशला एक गाइड नंबर असतो. आयएसओ १०० च्या फिल्मवर (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती तिखट, त्याचा आकडा), मीटरमध्ये मोजलेलं अंतर गुणिले लेन्सचा एफ आकडा, म्हणजे गाइड नंबर. नंबर २० असेल तर पाच मीटरवर एफ/४, अडीच मीटरवर एफ/८. फिल्म ४०० ची घातली की नंबर दुप्पट धरायचा, २०० ची घातली तर साधारण दीडपटीला थोडा कमी. विकणारे या आकड्याला ताकद म्हणतात आणि गिऱ्हाईक जास्त ताकदीकडे ओढलं जातं, स्वाभाविकच आहे. पण नंबर ३६ चा फ्लॅश ४०० च्या फिल्मवर दीड मीटरवरच्या माणसावर पूर्ण ताकदीनं मारून बघा. गणित एफ/४८ सांगतं आणि माझी लेन्स एफ/१६ ला संपते. माणसाच्या जागी पांढरा डाग.

म्हणून गाइड नंबर मी अंतराचा आकडा म्हणून वाचतो. आपण माणसांपासून किती लांब उभे राहतो, ते एकदा प्रामाणिकपणे ठरवलं की फ्लॅश जवळजवळ आपोआप ठरतो. मंडपाच्या मागच्या रांगेतून स्टेजवरची जोडी टिपायची असेल तर घ्या बापडे मोठा. ४५ मिलिमीटरची न बदलणारी लेन्स घेऊन हिंडणारा माणूस दोन मीटरवर असतो. दोन मीटर म्हणजे बोलायचं अंतर. समोरच्यानं फोटो काहून म्हणून विचारलं तर न ओरडता उत्तर देता येतं. गाइड नंबर १२, फिल्म २०० ची, अंतर दोन मीटर, हिशेब एफ/८. कॅमेरा दोन मीटरला लावून ठेवला तर एफ/८ वर साधारण पावणेदोन ते अडीच मीटरमधलं सगळं नीट येतं. मग रेंजफाइंडरच्या त्या दोन प्रतिमा जुळवत बसायचंही कारण नाही. नंबर १२ हा बाजारातला जवळपास सगळ्यात गरीब नंबर आहे, आणि मला तो पुरतो.

ऑटो फ्लॅशबद्दल मात्र माझं मत सरळ नाही. त्याच्या पोटावर एक छोटा डोळा असतो. समोरून परतलेला उजेड तो मोजतो आणि पुरेसा झाला की झोत मध्येच तोडतो. कॅमेऱ्याशी त्याचं काही बोलणं नसतं, त्यामुळे पन्नास वर्षांच्या यंत्रावरही तो बिनतक्रार चालतो. घरातल्या वाढदिवसाला, बाळाच्या बारशाला यापेक्षा सुखाचं काही नाही. चितार ओळीत तो गंडतो. तिथे पांढरा हात दिलेल्या, अजून रंग न चढलेल्या मूर्ती रांगेनं उभ्या असतात. फ्लॅशच्या डोळ्याला तो पांढरा ढीग दिसतो, वाटतं उजेड भरपूर झाला, आणि तो झोत तोडतो. कारागीर काळवंडतो. सोनेरी मुकुटांसमोर तर विचारूच नका. तिथे मॅन्युअल लावावा, दोन मीटर धरावेत आणि थोडा उजेड जास्तच पडू द्यावा. निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड पोटात घालते, कमी उजेडाची माफी देत नाही.

डोकं वर वळणारा फ्लॅश घ्या, छतावरून उजेड उसळवा, असा सल्ला सगळे देतात. देणाऱ्यांच्या घरी पांढरं, बेताच्या उंचीचं छत असतं. फ्लॅटमध्ये हा सल्ला उत्तम आहे, चेहऱ्यावर मऊ उजेड येतो, भिंतीवर सावल्या पडत नाहीत. महालातल्या जुन्या वाड्यात छत उंच आणि लाकडी. उजेड वर जातो तो खाली येत नाही. चितार ओळीत छत म्हणजे निळी ताडपत्री. तिच्यावरून उसळलेल्या उजेडात शाडूचा गणपती आणि त्याला घडवणारा, दोघंही निळे. आणि नागपूरची लग्नं होतात लॉनवर. वर थेट आभाळ. त्या आभाळाकडे फ्लॅश वळवून इमानेइतबारे झोत मारणारे फोटोग्राफर मी पाहिले आहेत. वळणारं डोकं म्हणजे वजन, उंची आणि चार सेल. मी त्यावर काट मारली.

सीताबर्डीवर कॅमेरे दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्या कपाटात जुन्या जपानी फ्लॅशगनांचा खच पडलेला असतो. त्यातली एक मला फार आवडली होती. करड्या रंगाची, पाठीवर अंतर आणि एफ आकड्यांची गोल चकती, चालू केली की बारीक शीळ घालत चढणारी. काकांनी ती चार्ज होऊ दिली, लाल दिवा लागल्यावर मल्टिमीटरच्या सुया तिच्या तळाच्या टोकांना लावल्या. काटा दोनशे व्होल्टच्या पुढे गेला.

"भाऊ, माल एकदम मस्त हाय. तुमच्या याशिकाले काही होत नाही. पन एक करजा, डिजिटलवर नका लावजा बाप्पा. कॅमेऱ्याचा भाजीपाला होऊन जाईन."

"घरी पोरगा आहे काका. तो लावून बघणारच."

"मंग राहू द्या," म्हणाले, आणि विकायला काढलेली वस्तू त्यांनी परत कपाटात ठेवली.

त्यांचं म्हणणं खरं आहे. जुन्या कॅमेऱ्यात धातूला धातू टेकतो आणि फ्लॅश पेटतो, तिथे एवढा विजेचा दाब चालून जातो. नव्या कॅमेऱ्यात त्या जागी नाजूक इलेक्ट्रॉनिक्स असतं. शिवाय वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फ्लॅशचा वीज साठवणारा कपॅसिटर सुस्तावतो. त्याला पुन्हा कामाला लावायचं तर सेल घालून, चार्ज करून, बराच वेळ तसाच ठेवून, मगच झोत मारायचा, असं काही वेळा करावं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्या दिवसांत सेल आत ठेवून फ्लॅश गाडीच्या डिक्कीत विसरणं म्हणजे पाझरलेल्या सेलची पांढरी भुकटी आपल्या हातानं काढायची तयारी ठेवणं. हौस असेल त्यानं जुना घ्यावा. काम असेल त्यानं नवा.

नव्यांत हल्ली छोट्या फ्लॅशना बरे दिवस आले आहेत. गोडॉक्सचा लक्स ज्युनिअर हा नंबर १२ चा, ऑटो आणि मॅन्युअल दोन्ही असलेला; दिसायला मात्र मुद्दाम जुन्या वळणाचा, जरा नाटकीच. त्यांचाच आयएम ३० नंबर १५ चा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, ऑटो नाही, डोकं वळत नाही, नुसतं बटण दाबून ताकद कमी-जास्त करायची. रिमोटमध्ये घालतो तसले दोन बारीक सेल. मी हा घेतला. शर्टाच्या खिशात मावतो, हे त्याचं सगळ्यात मोठं शास्त्रीय कारण. उणी बाजू अशी की झोत लेन्सच्या अगदी जवळून निघतो, म्हणून अंधाऱ्या गल्लीत लोकांचे डोळे लाल येतात. कारागिराचं लक्ष मूर्तीकडे असतं, तो कॅमेऱ्याकडे बघतच नाही, त्यामुळे माझं निभावतं.

दिवसा फ्लॅश लागतो, हे अनेकांना पटत नाही. मारबतीच्या, म्हणजे आमच्या नागपुरातल्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या, दिवशी या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी आणि काळी मारबत निघते, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणून सगळा रस्ता ओरडत असतो. पाऊस नसेल तर ऊन असं डोक्यावर की टोपीखालचे, दुपट्ट्याखालचे डोळे म्हणजे नुसते काळे खड्डे. तिथे छोटा फ्लॅश त्या खड्ड्यांत थोडासा उजेड टाकतो. आणि इथे आमच्या मामांचा कॅमेरा लायकासारख्या महागड्या रेंजफाइंडरला खाली बघायला लावतो. लायका एम ६ चं शटर पडद्याचं. फ्लॅशसोबत ते सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा वेगानं चालवलं तर फ्रेमच्या एका भागावर फ्लॅशचा उजेड पडतच नाही. भर उन्हात २०० च्या फिल्मला १/५० वर एफ/३२ लागेल, ते आणायचं कुठून? याशिकाचं शटर लेन्सच्या आत, पाकळ्यांचं. कुठल्याही वेगाला ते एका क्षणी पूर्ण उघडतंच आणि नेमका तेव्हाच फ्लॅश पेटतो. रिंग ऑटोवर नेऊन एफ/११ ला ठेवलं की कॅमेरा आपला आपण १/४०० च्या आसपास वेग धरतो. दीड मीटरवर माझा चिमुकला फ्लॅश भर दुपारी सूर्याशी बरोबरी करतो.

आणि एक सुख असं की त्यासाठीच मी एसएलआर, म्हणजे आरशातून बघायचा कॅमेरा, सोडून याच्याकडे आलो, असं म्हटलं तरी चालेल. एसएलआरमध्ये फोटो निघतो त्या क्षणी आरसा वर गेलेला असतो, खिडकीत अंधार. फ्लॅश लागला हे बाहेरच्या जगाला दिसतं, फोटो काढणाऱ्याला नाही. रेंजफाइंडरची खिडकी वेगळी, ती कधीच मिटत नाही. झोत पेटतो तेव्हा पिवळ्या चौकटीच्या आत समोरचं माणूस क्षणभर लख्ख उभं राहतं. कपाळावरचा घाम, कानामागे खोवलेली पेन्सिल, आणि डोळे मिटले होते की उघडे, हे तिथल्या तिथे कळतं. फिल्म धुऊन यायची वाट बघायला नको. मिटले असतील तर पुन्हा दोन मीटर, पुन्हा एफ/८.

गेल्या खेपेला एका मूर्तिकाराच्या पोरानं दुसऱ्या झोताला हटकलंच.

"कोन्या पेपरचे हाय तुम्ही?"

"पेपरचा नाही रे. घरी ठेवायला काढतो."

"घरी ठेवाले? मंग एवढा लाईट काहून मारून राह्यले?"

त्याला मी गाइड नंबर समजावून सांगितला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग त्याच्या बापाच्या डोक्यावरचा दिवा हातभर माझ्या बाजूला सरकवून दिला आणि आता बघा म्हणाला. उजेड खरंच सुधारला होता. मी फ्लॅशची ताकद निम्मी केली, लेन्स एफ/५.६ वर आणली आणि तो फोटो त्या रात्रीचा सगळ्यात बरा निघाला.

लॉनवरच्या लग्नांना मी हा फ्लॅश नेत नाही. तिथे वर ड्रोन घोंगावत असतो, खाली क्रेनवरचा कॅमेरा फिरतो, नवरा-नवरीपर्यंतचं अंतर वीस मीटर आणि मध्ये सगळे व्हिडिओवाले. तिथे मी जेवायला जातो.