दरभंग्याच्या रांगेतला आमचा मुलगा

मे 2020 मध्ये वागळे इस्टेटमधल्या एका पोलीस चौकीतून मला फोन आला. हवालदार म्हणाले, "मॅडम, एका पोराने तुमचा नंबर दिलाय. श्रमिक ट्रेनचा फॉर्म भरलाय दरभंग्याचा, आणि आधारवर पत्ता इथल्या बालगृहाचा. तुम्ही कोण त्याच्या?"

मी ठाण्यात अनुरक्षणाचं काम करते. अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं. त्यानंतर खोली, नोकरी, बँकेतलं खातं, कागदपत्रं या सगळ्यात त्या मुलामुलींच्या मागे कुणीतरी उभं राहायला हवं, ते आम्ही राहतो. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 46 मध्ये अशा मुलांना मदतीची तरतूद आहे. नियमांप्रमाणे ती एकविसाव्या वर्षापर्यंत देता येते, अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंतही. पण ती आपोआप मिळत नाही. अर्ज, अहवाल, बाल कल्याण समितीचा आदेश असं सगळं व्हावं लागतं, आणि तोवर मुलगा बाहेर पडलेला असतो.

हा मुलगा नोव्हेंबरात बाहेर पडला होता. पॅकिंगच्या एका गाळ्यात कामाला लागला आणि त्याच गाळ्याच्या पोटमाळ्यावर राहू लागला. सोबतचे पाच-सहा जण सगळे बिहारमधल्या दरभंग्याकडचे. लॉकडाउन लागला तसं काम थांबलं. शेठने मार्चचा पगार दिला, एप्रिलपासून फोन उचलणं बंद केलं. आम्ही तांदूळ, डाळ, तेल पोचवत होतो. सरकारने माणशी पाच किलो मोफत धान्य सुरू केलं होतं, पण ते रेशनकार्डावर. बालगृहात वाढलेल्या पोराचं नाव कुणाच्या कार्डावर असणार?

चौकीबाहेर खडूने आखलेल्या गोलांत माणसं उभी होती. हातात फॉर्म, डॉक्टरचा दाखला, पायाशी बोचकी. मे महिन्याचं ऊन. अडकलेल्या मजुरांना गावी नेणारी श्रमिक गाडी भिवंडीहून गोरखपूरला सुटल्यापासून सगळ्यांना आपलाही नंबर लागेल अशी आशा होती. तो रांगेच्या मध्यावर होता. मला बघून गोलातून बाहेर आला नाही, जागा जाईल म्हणून.

"अरे, दरभंग्याला कुणाकडे जाणार तू?"

"यांच्याकडे. चल म्हणालेत."

"आणि पुढे?"

"तिकडे गेल्यावर शाळेत ठेवतात ना ताई, क्वारंटाइन. जेवण देतात. तेवढे दिवस तर निघतील."

त्याच्या मागे उभा असलेला, त्यांच्यातला वयाने मोठा माणूस पुढे झाला. "दीदी, हमने ही बोला इसको. यहाँ अकेला क्या करेगा?" त्याच्या स्वतःच्या खिशात काही उरलं नव्हतं. तरी ज्याच्याशी फक्त सहा महिन्यांची ओळख, त्या पोराला तो आपल्या घरी न्यायला निघाला होता. त्या माणसाबद्दल मला आजही फार आदर वाटतो.

आणि पोराचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या दिवसांत ठाण्यातला प्रत्येक माणूस कुठे ना कुठे निघाला होता. कोकणातले पाससाठी खटपट करत होते, विदर्भातले एसटीची वाट बघत होते, बिहारचे चालतही सुटले होते. संकट आलं की माणूस गावाकडे धावतो. याच्या बालगृहातल्या फाइलमध्ये "कल्याण स्टेशनवर सापडला, वय अंदाजे सहा" यापलीकडे काही नाही. सगळे चालले म्हणून हाही निघाला.

तो सज्ञान होता. जाऊ नको म्हणण्याचा मला अधिकार नव्हता, आणि दुसरी जागा हातात नसताना तसं म्हणणं बरोबरही झालं नसतं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून फोन लावायला लागले.

पहिला फोन त्याच्या बालगृहात. अधीक्षक भला माणूस. पोराचं नाव ऐकून गप्प झाले. म्हणाले, "ताई, आत लहान मुलं आहेत. बाहेरून कुणाला घेतलं आणि काही झालं तर? आणि आदेशाशिवाय मी अठराच्या वरच्याला ठेवू कसा?" सर्वोच्च न्यायालयाने 3 एप्रिलला बालगृहांतल्या मुलांना विषाणूपासून जपण्याबद्दल आदेश दिला होता, ती जबाबदारी त्यांच्या डोक्यावर होती. त्यांची अडचण मला समजत होती. पण जिथे हा पोरगा बारा वर्षं जेवला, झोपला, तापाने फणफणला, तिथे सहा महिन्यांनी त्याला चार रात्री काढायलाही वाट नव्हती, हे मला तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही.

मग आणखी फोन. शेवटी कळव्यात राहणारा एक जुना मुलगा मिळाला. याच बालगृहातला, याच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, लग्न झालेलं, चाळीत एक खोली. मी अजून पुरतं सांगितलंही नव्हतं. तो म्हणाला, "ओळखतो ना मी त्याला. रात्री अंथरूण ओलं करायचा, मीच बदलायचो. पाठवा."

हे मी रांगेत जाऊन सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग विचारलं, "दादाने स्वतः म्हटलं पाठवा?" मी फोन लावून त्याच्या हातात दिला. बोलणं झाल्यावर तो आपणहून गोलातून बाहेर आला.

दुचाकीवर दोघांना बंदी होती. हवालदारांनी चिठ्ठी लिहून दिली आणि तो चालत निघाला. दरभंगेवाल्यांनी उरलेला आटा त्याच्या पिशवीत घातला, छोटा सिलिंडर मागाहून ने म्हणाले. दादा त्याला कळवा पुलापाशी घ्यायला आला होता.

त्या वर्षी डिसेंबरात अमेरिकेत एक कायदा झाला: 30 सप्टेंबर 2021 पर्यंत निव्वळ वय झालं म्हणून कोणत्याही राज्याने मुलाला फॉस्टर केअरमधून, म्हणजे सरकारी देखभालीतून, काढू नये, आणि महामारीत जे बाहेर पडले त्यांना परत यायचं असेल तर आत घ्यावं. तिथे बरीचशी मुलं कुटुंबांकडे सोपवलेली असतात, आपल्याकडे बहुतेक बालगृहांत. व्यवस्था वेगळी आहे, मला ठाऊक आहे. पण परत यायची वाट कायद्याने मोकळी ठेवता येते, एवढं तर त्यातून दिसतं. आपल्याकडे एकविसाव्या वर्षापर्यंतची तरतूद आधीपासून आहेच. ती बाहेर पडायच्या दिवशीच लागू झाली पाहिजे, अर्ज करून सहा महिन्यांनी नव्हे.

याचा अर्ज आम्ही जूनमध्ये केला. समितीने व्हिडिओ कॉलवर त्याचं ऐकून घेतलं, आदेश दिला. तेव्हा महिना दोन हजार रुपये मिळत, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत आता चार हजार झालेत. त्या दोन हजारांतून तो कळव्यातल्या घरात किराणा भरायचा. दादाने नको म्हटलं तरी भरायचा. गाळा दिवाळीच्या आधी सुरू झाला, दरभंग्याचे चौघे परत आले, आणि हा पुन्हा त्यांच्यात पोटमाळ्यावर राहायला गेला.

आता बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या योजनेत आम्ही एक रकाना भरून घेतो: काम आणि खोली दोन्ही गेली, तर त्या रात्री कुठे जायचं? नाव, फोन, पत्ता. त्या माणसाशी आधीच बोलून ठेवतो. बहुतेक रकान्यांत जुन्या मुलामुलींची घरं आहेत, कळवा, दिवा, घणसोलीकडची. बालगृहाचं नाव तिथे अजून लिहिता येत नाही.