उलटे बांधलेले हॉटेल

आईच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात, तेही जुन्या दगडी इमारतीत, एक रात्र राहायचे ठरवले, तेव्हा "तेवढ्या पैशांत कोकणात आठ दिवस राहून आलो असतो" असे म्हणून आईने आपला आक्षेप नोंदवला आणि मग ठेवणीतली नारायणपेठी इस्त्रीला दिली. आम्ही मूळचे गिरगावचे असल्यामुळे या वास्तूशी आमची ओळख जुनी होती, पण ती बाहेरूनच. रविवारी संध्याकाळी वडील आम्हाला गेटवेवर नेत, खाऱ्या दाण्यांची पुडी हातात देत आणि कट्ट्यावर बसवून दर वेळी तीच गोष्ट सांगत. हॉटेलचा नकाशा काढणारा गोरा साहेब विलायतेला गेला आणि परत येऊन पाहतो तो इमारत पाठमोरी उभी, म्हणून त्याने त्याच धक्क्याने जीव दिला.

ही गोष्ट साफ खोटी आहे. मूळ आराखडा कुणा गोऱ्या साहेबाचा नसून सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोघांचा होता. यांपैकी वैद्य म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनसच्या उभारणीत तिचा वास्तुविशारद स्टीव्हन्स याच्या हाताखाली राबलेले इंजिनियर. हॉटेल पुरे होण्याआधीच ते वारले आणि उरलेले काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने तडीस नेले. इमारतीचे तोंड शहराकडे होते हे मात्र खरे. पूर्वी बग्ग्या त्या बाजूने येत, आणि जिथे त्या थांबत तिथे आता पोहण्याचा तलाव आहे. खोल्यांना समुद्राचा वारा मिळावा म्हणून केलेल्या या शहाणपणाच्या मांडणीला लोकांनी चूक ठरवले आणि त्या चुकीपायी एका काल्पनिक साहेबाचा बळीही दिला.

१६ डिसेंबर १९०३ रोजी हे हॉटेल उघडले तेव्हा समोर गेटवे नव्हता. तो पुरा झाला १९२४ साली. म्हणजे मधली वीस वर्षे बोटीने येणाऱ्याला मुंबईची पहिली खूण म्हणून दिसत असणार ते हेच घुमट आणि हेच झरोके.

आत शिरल्यावर आईने खोलीपेक्षा जिन्याचीच अधिक चौकशी केली. मुख्य घुमटाखालचा हा जिना दोन्ही बाजूंनी वर चढत जातो. त्याच्या पायऱ्या एका टोकाला भिंतीत रोवलेल्या आणि दुसऱ्या टोकाला अधांतरी असल्यामुळे, खालून पाहताना एवढा भार नेमका कशावर तोलला आहे, हे काही केल्या उमगत नाही. त्याचे श्रेय कंत्राटदार खानसाहेब सोराबजी रतनजी यांना देतात. पायथ्याशी जमशेटजी टाटांचा अर्धपुतळा आहे. गुडघेदुखीमुळे घरी दुसऱ्या मजल्यासाठीही लिफ्टची वाट पाहणारी आई इथे कठड्यावरून हात फिरवत, प्रत्येक वळणावर थांबून मान वर करत, मजल्यामागून मजला चढत गेली. मागे राहिलेल्या माझ्या मुलीला तिने दोनदा हाक मारली. सामान घेऊन आलेला तरुण कर्मचारी लिफ्टने केव्हाच वर पोचला होता आणि दाराशी अदबीने उभा होता.

तळमजल्यावर २००८ च्या हल्ल्यात इथे प्राण गमावलेल्या ३१ जणांची नावे कोरलेली आहेत. ती आईने रात्री जेवणानंतर, चष्मा पुसून, एकेक करून वाचली. आम्ही कुणी काही बोललो नाही.

खोलीबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. मऊ गाद्या सगळीकडेच असतात. रुंद व्हरांडे आणि उंच कमानी यांनी मात्र मला सकाळी चहा गार होईपर्यंत बाहेर रेंगाळत ठेवले. तिथेच मी आईला वैद्यांची हकिगत सांगितली. तिने ती लक्षपूर्वक ऐकली, "वैद्य म्हणजे आपल्यातलेच की" एवढेच म्हणाली आणि वडिलांच्या गोष्टीचा विषय काढला नाही.

निघताना टॅक्सीत बसलो, तोच चालकाने आरशातून आईकडे पाहत विचारले, "आजी, हे हॉटेल उलटं बांधलंय, ठाऊक आहे का?" मुलगी उत्साहाने त्याची चूक सुधारायला पुढे सरसावली, पण आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला गप्प केले आणि चर्चगेट येईपर्यंत ती गोष्ट, साहेबाच्या मृत्यूसकट, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकून घेतली.