तळाचा चुरा

कॉर्नफ्लेक्स खाण्याची एकच योग्य पद्धत आहे, असे मी वयाच्या सातव्या वर्षीच ठरवून टाकले होते. पुढे आयुष्यात बरीच मते बदलली, पण हे मत काही बदलले नाही. वाडग्यात आधी गार दूध घ्यायचे, त्यावर मूठभर कॉर्नफ्लेक्स टाकायचे, ते सादळायच्या आत संपवायचे आणि मगच पुढची मूठ टाकायची. खाताना कोणी काही विचारलेले मला चालत नसे, कारण उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात कडेचे दोन-तीन पापुद्रे हमखास मऊ पडत.

मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा हा वारसा मी तिच्याकडे रीतसर सोपवायचे ठरवले. तिने माझे प्रात्यक्षिक लक्षपूर्वक पाहिले, मग माझ्या हातातला खोका घेऊन वाडगा काठोकाठ भरला, वरून दूध ओतायला लावले आणि ती खुशाल चित्र रंगवायला निघून गेली. दहा मिनिटांनी परत येऊन तिने तो पिवळसर लगदा चवीने, अगदी वाडगा खरवडून खाल्ला. "आता झाले छान," असेही वर म्हणाली. आपले आवडते खाणे पुढच्या पिढीलाही आवडावे ही इच्छा पुरी झाली होती, पण ती अशी पुरी होईल याची मला कल्पना नव्हती.

इतिहास चाळला तर तो बराचसा तिच्याच बाजूने उभा राहतो, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. 1863 साली अमेरिकेत जेम्स केलेब जॅक्सन यांनी 'ग्रॅन्युला' नावाचा न्याहारीचा जो पदार्थ तयार केला, तो इतका टणक होता की रात्रभर भिजवल्याशिवाय खाताच येत नसे. माझी मुलगी त्यांची आदर्श गिऱ्हाईक ठरली असती. पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात जॉन हार्वे केलॉग आणि विल कीथ केलॉग हे भाऊ रुग्णांसाठी पचायला हलके आणि चवीला सौम्य असे अन्न शोधत होते. 1894 साली शिजवलेला गहू तसाच राहून गेला, शिळा झाला, आणि तो टाकून न देता त्यांनी लाटण्यांच्या यंत्रातून काढला, तेव्हा सलग पोळीऐवजी दाण्यादाण्याचा वेगळा पापुद्रा निघाला. मक्याची पाळी त्यानंतर आली. म्हणजे ज्या कुरकुरीतपणाची मी एवढी राखण करते, त्याचा उगम एका विसराळूपणात आहे, आणि आमच्या घरातही वाडगा विसरणारी तीच आहे.

त्या दोन भावांत साखरेवरून वाद झाला, ही हकिगत मला विशेष जवळची वाटते. थोरल्याला साखर नको होती; धाकट्याला पदार्थ चवदार करून विकायचा होता. 1906 मध्ये धाकट्याने स्वतःची कंपनी काढली आणि पुढे केलॉग हे नाव कोणी वापरायचे यावरून दोघे न्यायालयातही गेले. आमच्या घरी माझी आई थोरल्या केलॉगच्या पक्षाची होती. ती साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवत असे आणि मी धाकट्याच्या पक्षातर्फे खुर्चीवर चढत असे. आता तो डबा मी वरच्या फळीवर ठेवते.

मुलीच्या पद्धतीत एक गोष्ट मात्र आहे, जी घाईने खाणाऱ्या मला इतक्या वर्षांत कधी दिसली नव्हती. हल्ली ती वाडगा सोडून जात नाही, तर हनुवटी टेबलावर टेकवून त्यात पाहत बसते. वर सुटे तरंगणारे पापुद्रे हळूहळू एकमेकांकडे सरकतात, त्यांचे पुंजके होतात आणि काही जण कडेला जाऊन चिकटतात. "ते गर्दी करतात," असे तिचे निरीक्षण आहे. तरंगत्या वस्तूभोवती दुधाचा पृष्ठभाग किंचित वाकतो आणि त्या उतारामुळे शेजारच्या वस्तू एकमेकींकडे ओढल्या जातात. भौतिकशास्त्रात याला एका कडीच्या आकाराच्या सीरियलवरून 'चिरिओज इफेक्ट' असे नावच पडले आहे. मी तिला हे समजावून सांगू लागले तेव्हा तिने शांतपणे विचारले, "तू कधी बघितलेच नाहीस?" नव्हते बघितले. मी खात होते.

राहता राहिला तळाचा चुरा. खोका हलला की लहान तुकडे मोठ्यांच्या फटींतून खाली घसरतात आणि मोठे वर राहतात, त्यामुळे शेवटच्या दिवशी आतल्या पिशवीत उरतो तो निव्वळ भुगा. पण माल्टचा तो खरपूस, किंचित खारट गोडवा जिभेला सर्वांत जास्त जाणवतो तो तिथेच. लहानपणी माझा आणि भावाचा खरा तंटा या चुऱ्यासाठी असे. तो दुधात टाकण्यात अर्थ नसतो, कारण क्षणात त्याची पेज होते. तो तळहातावर घेऊन कोरडाच खायचा असतो. मुलीला अर्थातच त्याची पेजच हवी असते, कारण मग तिला वाट पाहावी लागत नाही.

त्यामुळे आम्ही तो निम्मा-निम्मा वाटून घेतो. गेल्या आठवड्यात नवा खोका आणला आणि मी स्वयंपाकघरात शिरले, तर ती ओट्यापाशी उभी राहून न उघडलेला खोका कानाशी धरून खदाखदा हलवत होती. "काय करतेस?" असे मी विचारल्यावर तिने दचकून खोका खाली ठेवला आणि म्हणाली, "काही नाही, खाली जास्त पडावे म्हणून." मी तिला रागवायला हवे होते. ती शाळेत गेल्यावर मी तो खोका फळीवर ठेवण्याआधी दोन-तीनदा हलवला.