शिंग

परवा दुपारी चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत पाहिजे म्हणून डबे धुंडाळत होते, तर शंकरपाळ्याच्या डब्याच्या तळाशी शिंग सापडलं. एकच. वीतभर लांब, मागं वळलेलं, टोकाला जरा खरचटलेलं. दुसरं बड्डेच्या दिवशीच मोडून खाल्लं गेलं, कुणी खाल्लं ते मला माहितीय पण सासरच्या माणसांबद्दल आता काय बोलायचं.

तर म्हशीचं शिंग. केकवरच्या.

चिरंजीवांचा चौथा वाढदिवस जुलैत होता. बिल्डिंगमधल्या पोरांचे आत्तापर्यंत युनिकॉर्न झाले, स्पायडरमॅन झाले, दोन जेसीबी झाले. आमच्याला विचारलं तर म्हणे, "म्हस." म्हटलं गाय करूया का, नेटवर गायीचे केक ढिगानं आहेत, पांढऱ्यावर काळे ठिपके, गुलाबी नाक, लांब पापण्या, एकदम गोड दिसतात. "गाय नको. म्हस. दूधकट्ट्यावरची." यात चूक माझ्या नवऱ्याची. रात्री जेवण झालं की पोराला गाडीवर पुढं बसवायचं आणि गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर न्यायचं, तिथं म्हशी उभ्याच असतात, मग समोर धार काढलेला ग्लास पोरगं एका दमात संपवून मिशीसकट घरी येतं.

मला लहानपणी आप्पा न्यायचे. मला ते गरम दूध अजिबात आवडायचं नाही (आजही नाही, कोल्हापुरात हे जोरात बोलायची सोय नाही). म्हशीचा वास, दुधाचा वास, बाजूला पैलवान गडी मोठमोठे ग्लास रिकामे करतायत आणि मी आपली दोन्ही हातांनी ग्लास धरून म्हशीकडं बघत उभी. ती रवंथ करत माझ्या पलीकडं कुठंतरी बघत असायची. मग आप्पा इकडंतिकडं बघून माझा ग्लास पण पिऊन टाकायचे, आणि घरी आजीला खरं वाटावं म्हणून बोटानं थोडा फेस माझ्या वरच्या ओठाला लावायचे. घर येईस्तोवर मी तोंड हलवायची नाही, फेस जाईल म्हणून.

असो. तर म्हशीचा केक नेटवर मला तरी सापडला नाही. नुसते म्हशीचे फोटो शोधले तर निम्म्या आफ्रिकेतल्या, कपाळावर शिंगांचा टोप घातल्यासारख्या, आणि बाकीच्या मुऱ्हा, त्यांची शिंगं जिलेबीसारखी गुंडाळलेली. आपल्याकडची पंढरपुरी, तिची शिंगं तलवारीसारखी लांब, पार खांद्याच्या मागं जाणारी. दिवाळीत पाडव्याला ती रंगवून, मोरपिसं लावून, सायलेन्सर काढलेल्या गाडीच्या मागनं पळवत आणतात ती. पोरगं मागच्या वर्षी बापाच्या खांद्यावर बसून ते सगळं बघून आलेलं, त्यामुळं जिलेबी चालणार नव्हती.

आधी पायांवरच अडलं. स्पंजच्या चार पायांवर एक किलोची म्हैस उभी राहत नाही, हे मला दुसऱ्या ट्रायलला कळलं. मग बसलेली करायचं ठरलं, पाण्यात डुंबणारी, खाली निळी जेली. धड लोफ टिनमध्ये, डोकं वाटीत, दोन्ही रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी सुरीनं तासले. काळ्या रंगाचं एक सांगते, पांढऱ्या क्रीममध्ये काळा जेल कलर ओतत बसलात तर बाटली संपते आणि क्रीम करडं ते करडंच. आधी भरपूर कोको घालून गडद चॉकलेटी करून घ्यायचं, मग थोडासा काळा, आणि झाकून रात्रभर ठेवायचं, रंग आपोआप चढतो. नोझलनं बारीक केस पण काढले अंगावर. एवढं सगळं जमलं आणि शिंगांनी घात केला.

फॉन्डंटची, म्हणजे मळलेल्या साखरेची शिंगं. बाहेर आठ दिवस झड लागलेली, घराघरात एकच विषय, राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी किती झालं, 39 फुटांना पुराचा इशारा लागतो तर आज किती. अशा हवेत फॉन्डंट वाळणार कुठनं? पंख्याखाली ठेवली तर चिकट झाली, फ्रीजमध्ये ठेवली तर बाहेर काढल्या काढल्या घाम फुटला, आत टूथपिक घातली तर टूथपिक ताठ आणि शिंग खाली. रात्री साडेअकराला मी म्हशीसमोर बसून रडकुंडीला आलेली. सासूबाई पाणी प्यायला उठल्या, बघितलं, म्हणाल्या, "अगं शंकरपाळ्याचं पीठ मळ की घट्ट. वळ आणि तळ. थांब, मीच करतो." आणि केली. पोळपाटावर वळून, टोकाला निमुळती करून, मंद आचेवर. मी वरनं चॉकलेटमध्ये बुडवली. कशी रुबाबात बसली म्हणून सांगू!

संध्याकाळी पोरगं केकभोवती दोन फेऱ्या मारून आलं, खाली वाकून बघितलं.

"कास कुठाय?"

"ती पाण्यात बसलीय ना, दिसत नाही."

"मग उठव की."

कापायच्या आधी सगळे फोटो काढत होते, क्यूट, सो क्यूट चाललेलं, मला पण बरं वाटत होतं, नाही कशाला म्हणू. पण सासूबाईंचे भाऊ आलेले गावाकडनं, पावसातनं, त्यांच्या गोठ्यात चार म्हशी. ते काही बोलेनात. चष्मा लावून पुढनं बघितलं, मागं जाऊन बघितलं, शिंगावरनं बोट फिरवलं. आणि मग एकदम गंभीरपणे मला विचारलं, "कितवं वेत?"

म्हणजे कितव्यांदा व्यालीय. मी काय सांगणार. दुसरं म्हटलं. मान हलवली त्यांनी, "वाटतंयच."

ती मान हलवणं मी विसरणार नाही. (दुसरं शिंग त्यांनीच खाल्लं. झालं, सांगून टाकलं.)

दुसऱ्या दिवशी सकाळपासनं बिल्डिंगमधल्या आयांचे फोन. पोरांच्या जिभा काळ्यानिळ्या, ते रात्रीच सगळ्यांनी बघितलेलं, पण आता एकेकीचा आवाज बारीक, "अगं ऐक ना, आमच्याची ना... हिरवी झालीय." काळ्या रंगानं होते तशी, एकदोन दिवसांत जाते, असं सहा जणींना सांगितलं. सातवीचा फोन नवऱ्याला घ्यायला लावला.

शिंग जरा सादळलंय, पण चहात बुडवल्यावर काय कळतंय. वरचं चॉकलेट विरघळून चहावर तवंग आला. पोरगं शाळेतनं यायच्या आत संपवलं, निम्मं मागितलं असतं.