हिरव्या रेघेनं कापलेली पंचरत्नी गीता

जुलैचा तिसरा आठवडा. सकाळपासून झड लागलेली, पोथ्या दुरुस्त करायच्या माझ्या टेबलावरचा आर्द्रतामापक ८४ टक्क्यांवर. शुक्रवार पेठेतल्या एका वाड्यातून काकू आल्या, साबणाच्या डबीत गुटका, म्हणजे मुठीत मावेल एवढी हस्तलिखित पोथी, घेऊन. पंचरत्नी गीता: भगवद्गीता, विष्णुसहस्रनाम, भीष्मस्तवराज, अनुस्मृती आणि गजेंद्रमोक्ष. ७० बाय ५० मिलिमीटर, जाडी २४, पानं २१०. "ह्याला नवं मखमली कव्हर घाला, वर सोनेरी वेलबुट्टी," एवढंच त्यांचं म्हणणं.

उघडला, तर तिसऱ्या पानाचा मजकूर चौकटीसकट अख्खा निसटून टेबलावर पडला. चारी बाजूंचा समास तेवढा शिवणीत अडकून राहिला.

मजकुराभोवतीची हिरवी रेघ जंगालाची होती, म्हणजे तांब्याच्या गंजाची. तांबं कागदाचा तंतू खातं आणि दमट हवेत जास्तच खातं. अक्षरं काजळाच्या शाईची. ती कागदाला काहीच करत नाही, म्हणून मजकूर काळा कुळकुळीत आणि चौकट मात्र कापलेली. पान उलटून बघावं: रेघेच्या मागे तपकिरी पट्टा दिसला की तडा जवळ आलाय असं समजावं. काही ओळींवर पिवळा हरताळ फासून अक्षरं खोडली होती (वाक्प्रचार तिथूनच आलाय). त्यात आर्सेनिक हे विष असतं, त्यामुळे थुंकी लावून पानं उलटायची सवय इथे अजिबात नको.

एरवी आपण सगळीकडे गव्हाची खळ वापरतो. इथे ती चालत नाही, कारण खळीतलं पाणी तांबं शेजारच्या चांगल्या कागदात पसरवतं. म्हणून जपानी टिश्यूवर (दुरुस्तीचा अतिपातळ कागद) क्लुसेल-जीचं (सेल्युलोजपासून केलेला डिंक) अल्कोहोलमधलं ४ टक्क्यांचं द्रावण लावून तो पॉलिस्टरच्या फिल्मवर वाळवला, ३ मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या. पट्टी जागेवर ठेवायची, ब्रशच्या टोकानं अल्कोहोल लावायचं, वर टीपकागद आणि पाच मिनिटं वजन. त्याआधी प्रत्येक रंग अल्कोहोलनं सुटतो का, ते कापसाच्या टोकानं तपासून घेतलं.

खरी अडचण जाडीची होती. हातात होता ५ ग्रॅमचा (चौरस मीटरला ५ ग्रॅम वजनाचा) टिश्यू, साधारण ०.०२ मिलिमीटर जाड. मोठ्या पोथीत तेवढं कळतही नाही. पण चौकट प्रत्येक पानावर एकाच जागी, म्हणजे सगळ्या पट्ट्या एकमेकींवरच येणार. २१० पानांना लावल्या तर ४ मिलिमीटर वाढले आणि कव्हरची झडप पुढपर्यंत पोचलीच नसती. म्हणून खरोखर तडकलेली ६४ पानंच निवडली आणि २ ग्रॅमचा टिश्यू घेतला. मग वाढ एक मिलिमीटरच्या आतच राहिली.

कव्हर मेंढीच्या लाल कातड्याचं, मधोमध पितळी ठशानं उठवलेला बदाम, त्यावर वर्खाचे ठिपके टिकून होते. बोट लावलं की लाल भुकटी यायची. अशा कातड्याला तेल चोळू नये, ते काळं पडतं आणि चिकट होतं. तेच क्लुसेल पातळ करून पाजलं. कण्यावर मात्र पूर्वीच्या दुरुस्तीची निळसर खळ निघाली: मोरचूद घातलेली. कसर लागू नये म्हणून अनेक बाईंडर ते घालायचे, पण तेही तांबंच. ती सगळी कोरडीच, चिमट्यानं आणि बोथट पातीनं काढली. ह्यातच दीड तास गेला.

मखमल नको म्हटल्यावर काकू म्हणाल्या, "मग चपलेचं कातडं लावा की, हितंच मिळतंय." ते तीन मिलिमीटर जाड, इथे लागतं ०.३. शिवाय बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं कालांतरानं अशीच लाल भुकटी सोडतं. हिरड्याचं जास्त टिकतं. आणि ठशाचा बदाम झाकून टाकणं मला मान्य नव्हतं. जुनंच कव्हर परत चढवलं, शिवण होती तशीच ठेवली.

देताना आम्लमुक्त पुठ्ठ्याची डबी करून दिली आणि ९० अंशांपलीकडे उघडू नका, असं सांगितलं. काकूंनी विचारलं, "गीताजयंतीला हळदकुंकू वाहायचं काय मग?"

"डबीवर वाहा, काकू. झाकण बंद करून."